आतली कडी

अहेरीच्या जैनबबाईला बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलींसाठी काम करणाऱ्या संस्थेनं मार्गदर्शिका नेमलं, त्यात तिचा तसा काही गुन्हा नव्हता. तिचं शिलाईचं दुकान होतं, दुकानामागं एक रिकामी खोली होती आणि कुणाला नाही म्हणायची सवय नव्हती. संस्थेला एवढी पात्रता भरपूर वाटली.

तिच्या हवाली झाली ती सोमारी. धानोऱ्याकडच्या जंगलातल्या एका गावची. आईबाप लहानपणीच गेले, तेव्हापासून चंद्रपूरच्या एका बालगृहात वाढली. अठरा पूर्ण झाली आणि कायद्यानं एका रात्रीत मोठी झाली. आता तिनं खोली घेऊन स्वतंत्र राहायचं, जैनबबाईच्या दुकानात फॉल-पिको आणि काज-बटण करून पोट भरायचं, आणि उन्हाळ्यात संस्थेची समिती येऊन पाहणार. जमतंय असं दिसलं तर खोली तिची. नाही तर नागपूरच्या महिला आश्रमात रवानगी. तिथं पुन्हा फाटक, पुन्हा रांग.

सोमारीनं पहिल्या दिवशी खोलीच्या भिंतीला हात लावून विचारलं होतं, "बाई, हे आख्खी माहीच?" ते जैनबबाईच्या डोक्यातून काही केल्या जात नव्हतं.

मार्गदर्शिकांचं प्रशिक्षण चंद्रपुरात झालं. नागपूरच्या एका मॅडमनी फळ्यावर झाड काढलं, त्याच्या मुळांना आत्मविश्वास म्हटलं आणि फांद्यांना काय म्हटलं ते जेवणाच्या सुट्टीत पुसलं गेलं. अनोळखी माणसाला दार उघडायचं नाही, आधी कोण ते विचारायचं, हे मात्र त्यांनी टाळ्या वाजवत सगळ्यांकडून घोकून घेतलं. स्वावलंबनाची सुरुवात घरापासून होते, असंही त्या म्हणाल्या. जैनबबाई घरी आली तेव्हा मुश्ताकभाई दारातच उभा होता. "माही बनियन कुठी ठेवली वो?" नवऱ्यानं विचारलं. जैनबबाईनं बनियन काढून दिली आणि सुरुवात सोमारीपासून करायचं ठरवलं; पोरगी आल्यावर दाराचा धडा तिच्याकडून तसाच घोकून घेतला.

पहिल्याच संध्याकाळी सोमारीनं भात मांडला तो उसन्या आणलेल्या भल्या मोठ्या गंजात, लग्नघरच्या पातेल्यात.

"हे कोनासाठी?" जैनबबाईनं झाकण उचलून पाहिलं.

"माह्यासाठी."

"तुह्यासाठी का बारशासाठी?"

पोरीचा हात बालगृहाच्या स्वयंपाकघरात बसलेला. शंभर जणींचा भात तिला डोळे मिटून जमायचा, एकीचा कधी कुणी सांगितलाच नव्हता. त्या दिवशी गल्लीभर भात वाटला. पुढं हात ठिकाणावर आला, पण जीव घाबरला की गंज पुन्हा मोठा व्हायचा. गंज पाहूनच जैनबबाईला पोरीच्या मनाचा अंदाज यायला लागला.

भाताचं निभलं. खरी पंचाईत घंटेची होती.

दुकानासमोर शाळा होती. मधल्या सुट्टीची घंटा झाली की सोमारी सुई टोचून ठेवायची आणि जेवायला बसायची. जैनबबाईला वाटलं, काय शिस्त आहे! एका रविवारी ती दुपार कलेपर्यंत ताटासमोर तशीच बसलेली दिसली, तेव्हा उलगडा झाला.

"अवो, जेवत काऊन नाई?"

"घंटा नाई झाली."

"भूक लागली का जेवाचं. त्याले घंटा कायले पाह्यजे?"

सोमारीनं प्रामाणिकपणे विचारलं, "भूक लागली हे कसं समजते?"

याचं उत्तर प्रशिक्षणात नव्हतं. फळ्यावरच्या झाडालाही ते ठाऊक नसावं. मे महिन्यात शाळेला सुट्ट्या लागल्या, घंटा बंद झाली, आणि जैनबबाईनं तोडगा काढला. ठरल्या वेळी ती दुकानाच्या लोखंडी गजावर कात्री आपटू लागली. सोमारी जेवू लागली. मुश्ताकभाईलाही त्या आवाजाची चटक लागली. कात्री वाजली की तोही हात धुऊन बसायचा.

रात्रीचं आणखी वेगळं. बालगृहात झोपायच्या खोलीला बाहेरून कुलूप लागायचं. इथं कुलूप न लावता सोमारीला झोप येईना. "बाई, कुलूप लावा ना," ती रोज म्हणायची, आणि जैनबबाई माया म्हणून बाहेरून कुलूप लावायची, सकाळी उघडायची. चार-आठ दिवस लावू, मग बंद करू, असं म्हणता म्हणता उन्हाळा आला. शंभर पोरींचं बालगृह तिनं एका खोलीत बसवलं होतं, घंटेसकट. हे तिला कळत होतं. समितीला कळलं तर काय, हा विचार आला की तिच्या हातून कापड तिरपं कापलं जायचं.

त्यातच मूल गावी भाचीचं, निशातचं लग्न निघालं. मुक्काम करणं भाग होतं. निघायच्या वेळी सोमारी दारात उभी राहिली.

"आज कुलूप कोन लावन?"

"कोनी नाई. आतून कडी लाव."

"आतून?" बालगृहाच्या दाराला आतून कडीच नव्हती. जैनबबाईनं कडी सरकवून दाखवली. सोमारीनं दोनदा सरकवून पाहिली. "मंग खोलाचं कोनाले इचारून?"

"कोनालेच नाई, पोरी."

पोर शेजारणीला कुलूप लावायला सांगेल म्हणून जैनबबाईनं ते पिशवीत टाकलं आणि बरोबर नेलं. लग्नात बिर्याणी चांगली झाली होती असं लोक म्हणाले. तिनं ती नुसती चिवडली. पोर झोपली असेल का, जेवली असेल का, की ताटासमोर बसून असेल? मुश्ताकभाईनं मात्र दोनदा वाढून घेतलं आणि वर म्हणाला, "तू पोरीले सिकवून राह्यली का पोरगी तुले?"

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळच्या गाडीनं ती दोघं परत निघाली. गाडी आष्टीला चहासाठी थांबली असताना संस्थेची पांढरी जीप धुरळा उडवत पुढं निघून गेली. पुढच्या सीटवर नागपूरच्या मॅडम, मागं चष्मेवाले साहेब. समिती पुढच्या आठवड्यात यायची होती. पण जीपमध्ये डिझेल आजच भरलं गेलं असावं, आणि सरकारी-निमसरकारी कामात डिझेल येतं तो मुहूर्त.

"झालं," जैनबबाई म्हणाली. "गेली माही सोमारी नागपूरले."

कंडक्टर चहा संपवेना. जैनबबाईनं त्याला असं काही पाहिलं की त्यानं अर्धा कप तसाच ठेवला.

अहेरीत उतरून ती धावतच गल्लीत शिरली. दुकानाचा बाक मागच्या दारापुढं ओढून समिती बसलेली. साहेब रुमालानं मान पुसत होते.

"या बाई," साहेब म्हणाले. "केव्हाचे ताटकळलोय आम्ही. तुमची मुलगी दार उघडत नाही."

जैनबबाईनं दाराकडं पाहिलं. बाहेरची कडी मोकळी होती. म्हणजे आतून लावलेली. म्हणजे पोर आत आहे. पण कशी आहे? तिनं दार ठोठावलं.

"सोमारी! ए सोमारी!"

"कोन?" आतून खणखणीत आवाज आला.

"मी वो. जैनब."

"बाई, तुमी आल्या का? बाहेर दोन मानसं हायेत, नाव सांगतेत समिती. मी नाई ओळखत. बसवा त्याईले. मी जेवून राह्यली, दोन घास राह्यलेत."

जैनबबाई पायरीवर बसली. तिला हसू आवरेना.

"ही काय जेवायची वेळ आहे?" साहेबांनी घड्याळ पाहिलं. "बालगृहात आम्ही गेलो की मुली ताटावरून उठून स्वागतगीत म्हणतात."

"तिले भूक लागली असन, साहेब," जैनबबाई म्हणाली, आणि स्वतःच्याच वाक्यानं चकित झाली.

मॅडम मात्र सरसावून बसल्या. "तिनं आधी कोण ते विचारलं ना?"

"तीन वेळा विचारलं," साहेब कुरकुरले.

"आणि अनोळखी म्हणून उघडलं नाही!" मॅडमचा चेहरा उजळला. "पाहिलंत? हे प्रशिक्षणात घेतलं होतं मी."

मग कडी सरकली. सोमारी हात पुसत दारात आली. तिच्यामागं चुलीपाशी तोच भला मोठा गंज, काठोकाठ भाताचा.

"रातीले भेव लागलं," ती जैनबबाईच्या कानाशी म्हणाली. "काय करू? भात मांडला. मंग झोप लागली. सकाळी उठली अन् भूक लागली."

"समजलं तुले?"

"हो ना," सोमारी म्हणाली. "आपोआपच समजते वो."

गंज सत्कारणी लागला. ड्रायव्हर जेवला, मॅडम जेवल्या. साहेबांनी आधी नको म्हणून मग दोनदा घेतलं. हात धुता धुता, खोली मुलीकडंच राहू द्या, असं त्यांनी सांगून टाकलं. पोटभर जेवलेल्या समितीला दुसरं काही सुचलंही नसतं.

संध्याकाळी जैनबबाई सवयीनं कुलूप घेऊन मागच्या दारापाशी गेली. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. ती कुलूप घेऊन परत आली.

घरात मुश्ताकभाई हात धुऊन बसून होता.

"आज कात्री नाई वाजवली?"

"भूक लागली का तुमाले?"

"मले काय मालूम," मुश्ताकभाई म्हणाला. "तू वाजव ना."