दुखलं तर डावा हात

आमचे डॉक्टर दातांचे आहेत, आणि आ वासलेल्या माणसांशी गप्पा मारण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं आहे. माणूस खुर्चीत आडवा झाला, तोंडात कापसाचे बोळे गेले, की ते विचारतात, "काय, मुलाच्या नोकरीचं झालं का?" खुर्चीतून "आं" असा आवाज येतो. "झालं ना? छान. मला वाटलंच." मुलाची होती ती नोकरीही गेलेली असली तरी आवाज तसाच येतो. त्यामुळे डॉक्टरांचं गावातल्या प्रत्येकाविषयी मत चांगलं आणि माहिती चुकीची आहे.

दवाखान्यात हे खपून जातं. पण माणूस घरी येताना कोट काढून ठेवतो, बोलायची सवय खुंटीला टांगून येत नाही. माझी ताई म्हणजे त्यांची बायको. "बरं वाटत नाहीये का? नाहीच वाटत. गोळी घे," हे ऐकून तिने संसारात धडधाकट असताना बऱ्याच गोळ्या गिळल्या.

त्यांना एकच मुलगी. ती उशिरा झाली आणि येताना आईला भरपूर त्रास देऊन आली, म्हणून बापाने कौतुकाने तिला अक्कलदाढ म्हणायला सुरुवात केली. त्याचं अक्की झालं. अक्कीही दातांचीच डॉक्टर झाली. निकाल लागला तशी डॉक्टरांनी दवाखान्यात दुसरी खुर्ची आणून बसवली. "काय अक्के, निळा रंग आवडला ना? आवडणारच." रंगाऱ्याला त्यांनी पाटीवर 'आणि कन्या' एवढं वाढवायला सांगितलं. तो सोमवारी येणार होता.

अक्कीला मात्र दुसऱ्या गावी, मुलांच्या हॉस्पिटलात जायचं होतं. तिला तिथून बोलावणं आलं होतं आणि सोमवारीच हो की नाही ते कळवायचं होतं. तिने आईला सांगितलं, मला सांगितलं. दूधवाल्यालाही सांगितलं असावं, कारण तो मला तिथल्या हवेविषयी विचारत होता. बापाला सांगायचं तेवढं राहिलं होतं.

"बाबा, मला तुमच्याशी बोलायचंय."

"खुर्चीबद्दल ना? खिडकीजवळची तुझी. उजेड चांगला येतो."

"खुर्चीबद्दल नाही हो."

"मग पाटीबद्दल. अक्षरं माझ्याएवढीच काढायला सांगितलीयत, काळजी करू नकोस."

"मामा, तू सांग ना," अक्की मला म्हणाली. मी सांगितलंही असतं. पण मी तोंड उघडलं की डॉक्टर आधी आत वाकून बघतात.

शेवटी ताईनेच उपचार हाती घेतला. ती शाळेत शिकवायची, त्यामुळे न ऐकणाऱ्यांचा तिला अनुभव आहे. "अहो, तुम्ही विचारता छान. फक्त विचारून झालं की मनात दहापर्यंत मोजत जा." डॉक्टर आज्ञाधारक आहेत. त्यांनी अक्कीला विचारलं, "काय म्हणतेस?" आणि छताकडे बघत ओठ हलवायला लागले. अक्कीला धीर आला. ती "बाबा, मला एका हॉस्पिटल..." इथवर आली.

"दहा," डॉक्टर म्हणाले. "हॉस्पिटलचा दाखला आणायचा राहिला का? आणू की."

मग ताईने सुचवलं, की समोरच्याचे शेवटचे शब्द आपण परत म्हणावेत, म्हणजे आपलं लक्ष आहे असं त्याला वाटतं.

"आमटीत मीठ कमी पडलंय," ताई जेवताना म्हणाली.

"कमी पडलंय."

"मग घ्या की वरून."

"घ्या की वरून."

पानं उचलायच्या आत ताईने हे औषध बंद केलं.

तिसरा इलाज जालीम होता. पोरगी बोलायला लागली की पाण्याचा घोट तोंडात धरायचा, आणि तिचं होईपर्यंत गिळायचा नाही. शनिवारी संध्याकाळी आम्ही सगळे हॉलमध्ये जमलो. ताई दारात, मी पेपरच्या मागे. डॉक्टरांनी घोट घेतला आणि मान डोलावली.

"बाबा," अक्की म्हणाली, "खुर्ची खूप छान आहे, पण..."

पण तोंडात पाणी आल्यावर काय करायचं, हे डॉक्टरांनी जन्मभर लोकांना शिकवलेलं. त्यांनी खळखळून चूळ भरली, उजवीकडे वाकले, आणि ताईच्या मनी प्लांटच्या कुंडीत थुंकले. मग रुमालाने तोंड पुसून म्हणाले, "हं, आठवड्याने परत दाखवून जा."

ताईने कुंडी उचलली आणि आत नेली.

रविवारी सकाळी कडक टोस्ट खाताना डॉक्टरांच्या दाढेतलं जुनं फिलिंग निघून बशीत पडलं. चौकातल्या दुसऱ्या डॉक्टरकडे जायला ते तयार नव्हते. "फार बोलतो तो," म्हणाले. अक्की दवाखान्याच्या किल्ल्या घेऊन दारात उभीच होती. मदतनीस बाईंना सुट्टी, म्हणून थुंकी ओढायची नळी माझ्या हातात आली. निळ्या खुर्चीचं प्लास्टिक फाडलं आणि पहिला पेशंट म्हणून खुद्द मालक आडवे झाले.

"दुखलं तर डावा हात वर करा," अक्की म्हणाली.

हे घरचंच वाक्य. डॉक्टर प्रत्येकाला हे सांगतात, आणि हात वर झाला की "झालंच, झालंच" म्हणत काम चालू ठेवतात. माझा हात एकदा इतका वेळ वर होता की त्यांनी त्यात आरसा धरायला दिला.

भूल चढली, बोळे गेले, नळी लागली. अक्कीने मास्क नीट केला.

"काय बाबा, कसं वाटतंय? छान ना. मला वाटलंच."

"आं."

"मी या खुर्चीत काम करणार नाहीये, बाबा. मला लहान मुलांचे दात बघायचेत. एका हॉस्पिटलात बोलावलंय, लांब आहे. उद्या कळवायचंय. मी हो म्हणू ना?"

"आं. आंआं."

"म्हणू? छान."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी नळीकडे बघितलं. दाढ कोरायचं मशीन सुरू झालं, आणि डॉक्टरांचा डावा हात हळूहळू वर गेला.

अक्की थांबली. तिने मशीन बंद केलं, बोळे एकेक करून काढले, खुर्ची सरळ केली, मास्क उतरवला आणि स्टूल ओढून समोर बसली.

"बोला बाबा. कुठे दुखलं?"

डॉक्टर छताकडे बघायला लागले. मोजत असावेत. भुलीमुळे ओठ हलत नव्हते, तेव्हा खात्रीने सांगता येत नाही.

"तिथल्या खुर्च्या लहान अशतात का?" त्यांनी विचारलं, आणि तोंड मिटून घेतलं.

मग अक्कीने सांगितलं. खुर्च्या लहान असतात, छतावर हत्ती काढलेत. ती बघायला गेली होती तेव्हा एक एवढीशी पोरगी तिच्या बोटाला कडकडून चावली. अक्कीने बोट पुढे केलं. डॉक्टरांनी ते उजेडाकडे धरून सवयीने वळ तपासले. त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळत होती. मी नळी पुढे केली, तर आवाज नको म्हणून त्यांनी ती बाजूला सारली.

"मग काय केलंश?"

"तसंच ठेवलं बोट. तिचा राग गेल्यावर तिनेच सोडलं."

"मी ओढून घेतलं अशतं," डॉक्टर म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "मला वाटलं होतं तू इथे बशशील."

"माहितीय मला."

"विचारायला हवं होतं."

"विचारलं होतं की, बाबा. उत्तरही तुम्हीच दिलं होतं."

डॉक्टर हसले, म्हणजे अर्ध्या तोंडाने. "शांग त्यांना, येते म्हणून. आणि आता फिलिंग भर, भूल उतरायच्या आत."

सोमवारी रंगारी आला. पाटीचं काम नाही म्हटल्यावर ताईने त्याच्याकडून मनी प्लांटची कुंडी रंगवून घेतली, आणि ती गॅलरीत, डॉक्टरांच्या टप्प्याबाहेर नेऊन ठेवली. निळ्या खुर्चीत डॉक्टर दुपारी पेपर वाचतात. हात वर केला की आता ते खरंच थांबतात, त्यामुळे जुने पेशंट घाबरतात.

अक्कीचा फोन आला की ते स्पीकर लावतात, "कशी आहेस?" एवढंच विचारतात आणि शेजारचा पेला उचलतात. अक्की सांगत सुटते. मध्येच थांबून विचारते, "बाबा? आहात ना?"

"आहेत, आहेत," ताई आतून सांगते. "तोंडात पाणी आहे. तू बोल."