भिकाजी परबांचा सात

डिचोलीच्या बाजारात परब आर्म्समध्ये शिरणारा माणूस आधी शीतलच्या खांद्यावरून मागे बघतो. आत कुणीतरी मिशीवाला बसलेला असणार, अशी त्याची खात्री असते. मागे लोखंडी कपाट आणि हार घातलेला तिच्या वडिलांचा, भिकाजी परबांचा फोटो, एवढंच आहे. आणि भिकाजींना मिशी कधीच नव्हती. मग माणूस विचारतो, "मालक खंय गेले?" शीतल स्टूल पुढे सरकवते. "बसा. मीच."

वडील गेल्याला दोन वर्षं झाली. दुकानाचा परवाना तिच्या नावावर झाला. बंदूक खोलून साफ करण्यात, स्प्रिंग बदलण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही, हेही लोकांनी कुरकुरत का होईना मान्य केलं. पण जुन्या हत्याराची किंमत ठरवायची वेळ आली की हीच माणसं बेळगावची गाडी पकडत. लाखांचा मामला बाईच्या शब्दावर कसा सोडायचा? शीतलला याचा संताप यायचा, आणि तो ती कानशीवर काढायची.

म्हणूनच हळर्णचे गोकुळदास गावकर परवाना आणि कापडी पिशवी काउंटरवर ठेवून "हेची किंमत तूच कर" म्हणाले, तेव्हा तिला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. गोकुळदास ऐंशीच्या घरातले बागायतदार. बोलायला बसले की समोरच्याचा चहा थंड होई.

"माझी नजर गेली गो," ते म्हणाले. "आता डुकराक मी आधी दिसतंय, माका डुकर मागीर. झील बेंगलोराक, तेका ह्यां नको. इलेक्शन इलां की पेडण्याच्या पोलिसांत नेवन जमा करा, परत आणा. पुरे झालां माका."

"गिऱ्हाईक आसा काय काका?"

"पर्वरीचे लोटलीकर म्हणान एक आसत. ते म्हणतत, तुमच्या दुकानदाराचो दाखलो होयो. मी म्हटलंय, भिकाजीचां चेडू आसा."

पिशवीतून रिव्हॉल्व्हर निघालं आणि शीतलने ते उजेडात धरलं. सव्वाशे वर्षांपूर्वीची बेल्जियमची बनावट. पोर्तुगीज लष्करातल्या कुणा अधिकाऱ्याकडून गोकुळदासांच्या आजोबांकडे आलेली. नळीवर चढवलेलं काळं-निळं पाणी अजून टिकून होतं. बाजूची छोटी झडप उघडून तिने चाप ओढला, तर गोळीवर आपटणारा मागचा घोडा जागचा हलला नाही. गोळ्यांचं चक्र तेवढं एक घर पुढे सरकलं. गोळ्या भरताना चुकून बार उडू नये म्हणून त्या काळच्या कुण्या कारागिराने केलेली ही युक्ती. तिने झडप सहा वेळा उघडली आणि मिटली, कारण काही नसताना, केवळ सुखासाठी.

अशा हत्याराचा भाव आकड्यांवर ठरतो. कारखान्यातून निघताना प्रत्येक सुट्या भागावर एकच नंबर मारलेला असतो. सगळे भाग त्या नंबरचे निघाले तर साडेपाच लाख कुठे गेले नाहीत. एक जरी भाग परका निघाला तर भाव तीनावर येतो. दोन दिवस शीतल भिंग लावून बसली. नळीवर ३७, चक्रावर ३७, झडपेवर ३७, घोड्यावर ३७. तिसऱ्या दिवशी सकाळी दाखला लिहायला घेतला आणि उगीच, शेवटचं म्हणून, तिने घोड्यावरचा सात पुन्हा पाहिला.

साताच्या पायाची टोकाकडची कड उडालेली होती. तिळाएवढीसुद्धा नाही.

शीतल उठली. कपाटातल्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात वडिलांचे इंग्रजी आकडे मारायचे ठसे होते, शून्यापासून नवापर्यंत. त्यातल्या साताचा पाय तिनेच मोडला होता. सात-आठ वर्षांची असताना खेळता खेळता ठसा फरशीवर पडला, आणि मार बसणार म्हणून ती टेबलाखाली जाऊन बसली. भिकाजींनी तिला बाहेर काढलं, ठसा उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, "लंगडो झालो बिचारो." नवा घेणार होते, तो कधी घेतलाच नाही. आता तिने शिशाच्या तुकड्यावर तो ठसा ठोकला आणि भिंगाखाली दोन्ही सात शेजारी धरले. एकाच पायाने लंगडत होते.

म्हणजे घोडा कारखान्याचा नव्हता. घोडा भिकाजी परबांनी बनवला होता.

ती खुर्चीत बसली ती बसूनच राहिली. पहिल्यांदा तिला वाटला तो अभिमान. पंचवीस वर्षं त्यांच्या शेजारी बसून काम केलेल्या तिलाही ओळखायला तीन दिवस लागले होते. घोड्याचा बाक, अंगठा टेकायच्या जागेवरच्या बारीक रेषा, सगळं परदेशी कारखान्यासारखं; आणि हे करणारा माणूस खाणीवरचा फिटर, बांद्याहून डिचोलीला आलेला, मराठी सातवी पास. आपल्या कामावर त्यांनी कधी नाव घातलं नाही. कुणी म्हटलंच तर म्हणायचे, "सांधो दिसलो तर ती दुरुस्ती कसली?"

मग वाटली ती भीती. भाग बदलणं वेगळं आणि त्यावर कारखान्याचा नंबर मारणं वेगळं. हे उघड झालं तर बाजार म्हणेल, परबांच्या दुकानात आकडे खोटे मारतात. ज्याचा फोटो मागे आहे त्याला लोक लबाड म्हणतील. आणि ती गप्प राहिली तर? जगात एकटी तीच हा सात ओळखत होती. तो दाखला तिच्या सहीचा पहिला मोठा दाखला ठरला असता. आणि पहिलाच खोटा.

मंगळवारी सकाळी गोकुळदासांबरोबर देवेश लोटलीकर आले. निवृत्त इंजिनियर, बोलणं हळू, हातमोजे स्वतःचे. त्यांच्या परवान्यावर दोनच हत्यारांची सोय होती. एक जागा भरलेली. दुसरी त्यांनी सहा वर्षं मोकळी ठेवली होती, मनासारखं मिळेना म्हणून. त्यांनी शीतलच्या खांद्यावरून मागे पाहिलं नाही, हे तिच्या लक्षात आलं.

अर्धा तास त्यांनी रिव्हॉल्व्हर पाहिलं. गोकुळदास तेवढ्यात हळर्णच्या किल्ल्यापासून मोपाच्या विमानांपर्यंत सगळं सांगून मोकळे झाले. शेवटी देवेशनी भिंग खाली ठेवलं.

"सगळे आकडे जुळतात. साडेपाच लाखांना माझी तयारी आहे. शीतलताई, तुमचा दाखला द्या."

शीतलने फोटोकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर जमलं नसतं.

"घोडा मूळचा नाही," ती म्हणाली. आणि शिशाचा तुकडा त्यांच्यापुढे ठेवला. "हा ठसा आमच्या दुकानातला आहे. घोडा माझ्या वडिलांनी केलाय. नंबरही त्यांनीच मारलाय. का मारला ते मला ठाऊक नाही."

देवेशनी पुन्हा भिंग उचललं. गोकुळदास मात्र खो खो हसायला लागले.

"अगो, तां माका विचार मां! एकोणनव्वद साली किल्ल्याकडे डुकराच्या पाठी धावताना पडलंय, घोडो मोडलो. तुझो बापूस आधी नाय म्हणा होतो. मागीर मोडीतल्या डंपराचां पोलाद घेवन बावीस दिवस कानशीत बसलो. तेच्यार नंबर नव्हतो. पोलिसांत जमा करूक गेलंय तर हवालदार म्हणता, ह्या भागार नंबर नाय, लिवन घेवचंय नाय. तीन खेपो मारलंय. शेवटी मीच भिकाजीक म्हटलंय, मार रे बाबा नंबर. तो तयारच नव्हतो. म्हणालो, खोटां दिसतलां. मी म्हटलंय, ह्यां मी कधी विकूचंय नाय."

"मग काका, हे मला आधी कसं नाही सांगितलंत?"

"मोडलेली वस्तू अशी बरी केली तर किंमत वाढाक होयी मां? तेच्यात सांगण्यासारखां काय?"

देवेशना हसू फुटलं. "गोकुळदासबाब, बाजारात उलटं असतं. आता ही तीन लाखांची झाली."

"म्हणजे भिकाजीन मरान माझे अडीच लाख खाल्ले," गोकुळदास म्हणाले, आणि गप्प झाले. त्यांना गप्प बसलेलं शीतलने पहिल्यांदाच पाहिलं.

देवेशचं लक्ष घोड्यावरून हटत नव्हतं. त्यांनी तो अंगठ्याने मागे ओढला, सावकाश सोडला, कान देऊन ऐकला. "मी तीनदा पाहिला हा," ते म्हणाले. "चाळीस वर्षं यंत्रांत काढली मी. कानशीने हे होतं, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं." मग म्हणाले, "सगळं मूळचंच हवं म्हणून सहा वर्षं जागा मोकळी ठेवली होती. हरकत नाही. मी घेतो. तीन लाख."

गोकुळदासांनी मान हलवली. "व्हरा. जो माणूस भिकाजीचो घोडो इतको वेळ बघता, तो तेका नीट ठेयत."

शीतलने दाखला लिहिला. घोडा मूळ नाही, पुढे सही. देवेशनी तो वाचून परत तिच्यापुढे सरकवला.

"अपुरा आहे. कुणी केला ते लिहा. आणि माझ्याकडचं दुसरं हत्यार पुढच्या आठवड्यात घेऊन येतो. त्याचा दाखला दिल्लीचा आहे. तुम्ही बघेपर्यंत मी तो खरा धरणार नाही."

पेन हातात धरून ती थोडी थांबली. वडिलांना आवडलं नसतं, हे तिला माहीत होतं. तरी तिने लिहिलं आणि मोठ्याने वाचलं, कारण गोकुळदासांना अक्षर दिसत नव्हतं: "घोडा बनवणारे, भिकाजी सावळाराम परब, डिचोली, १९८९."

गोकुळदासांनी डोळे मिटून ऐकलं.

"परत एकदा वाच," ते म्हणाले.