फूटपट्टीचं बोट

आमच्या रंगकामाच्या धंद्यात दादाला सगळे 'फूटपट्टी' म्हणायचे. भिंतीचा खालचा गडद रंग आणि वरचा फिका रंग जिथे भेटतात, तिथे तो हातानेच रेघ मारायचा. टेप नाही, दोरी नाही. चाळीस फुटांची रेघ मारून झाली की ब्रशची कड उजव्या तर्जनीने पुसायची आणि तर्जनी पँटला पुसायची, ही त्याची सवय. त्याची प्रत्येक पँट उजव्या मांडीवर सात रंगांची होती. वहिनी म्हणायच्या, "ही धुवायला टाकू, की गिऱ्हाइकाला नमुना म्हणून दाखवू?"

रंग फवारायचं मशीन आणायचं खूळ माझं. मला पहिल्यापासून घाई. लग्नाच्या दिवशीसुद्धा मी वेळेआधी जाऊन बसलो होतो, असं दादा सगळ्यांना सांगतो. एअरलेस मशीनमध्ये हवेचं काही काम नसतं. पंप रंगच एवढ्या जोराने ढकलतो की नोझलच्या बारीक भोकातून त्याचं धुकं होऊन भिंतीवर बसतं. दुकानदाराने मला समोर उभं करून बजावलं होतं, "गाडीच्या टायरात असतो त्याच्या शंभरेक पट दाब आहे हा. नोझलसमोर बोट आलं तर कातडी भेदून रंग आत जातो. दिसायला टाचणी टोचल्याएवढं दिसतं, पण वाट बघू नका. तसंच उठायचं आणि हॉस्पिटल गाठायचं." मी मान डोलावली. लक्ष अर्धं मशीनकडे होतं, पण ऐकलं सगळं.

दादाला मी हे सांगितलं नाही. ब्रश कसा धरायचा ते मला त्यानेच शिकवलेलं. त्यालाच सूचना द्यायला गेलो असतो तर 'फार शहाणा झालास' ऐकावं लागलं असतं. शिवाय तो मशीनला हातच लावणार नाही अशी माझी खात्री होती. "याला रंगवणं म्हणत नाहीत," तो पहिल्या दिवशी म्हणाला होता, "ही फवारणी झाली. भिंतीला काय कीड लागलीये?"

मग शाळेचं काम आलं. अठ्ठावीस वर्ग, तीन मजल्यांचे व्हरांडे आणि वर खेळाचा मोठा हॉल. सुट्टी संपून सोमवारी शाळा उघडणार होती आणि मुख्याध्यापक दर दोन तासांनी येऊन 'होईल ना?' विचारून जात होते. बुधवारी दादाने सहज म्हणून गन हातात घेतली आणि त्याला गोडीच लागली. गुरुवारी तो ती मला देईना. पन्नाशीतला माणूस, पण नवी सायकल मिळाल्यासारखा हॉलभर फिरत होता. मला फार बरं वाटलं. मशीन बरोबर होतं, म्हणजे मी बरोबर होतो.

शुक्रवारी हॉलच्या खालच्या भागाला ऑइलपेंट मारत होतो. बोट नोझलपासून लांब ठेवणारं पिवळं गार्ड रंगाने भरून टपकत होतं, म्हणून दादाने ते काढून ठेवलं. मी पाहिलं आणि काही बोललो नाही. साडेनऊच्या सुमाराला भिंतीचा एक टप्पा संपला. नोझलच्या टोकाला थेंब लोंबत होता. तीस वर्षं ब्रशची कड पुसली तशी त्याने ती तर्जनीने पुसली. गन डाव्या हातात घेतली होती, पण त्या हाताचं बोट घोड्यावरच होतं.

"हात्तिच्या!" तो म्हणाला.

मी गेलो. बोटाच्या पेरावर एक ठिपका होता. रक्त नाही, काही नाही.

"दुखतंय?"

"छे. जरा बधिर झाल्यासारखं वाटतंय."

त्या क्षणी मला दुकानदार आठवला, हे मला सांगितलंच पाहिजे. विसरलो होतो असं म्हणायची सोय मला नाही. शब्द न् शब्द आठवला. आणि त्याच वेळी अर्धी राहिलेली भिंत दिसली, पाइपात भरलेला रंग दिसला आणि सोमवार दिसला. मी म्हणालो, "धुऊन टाक आणि चिंधी गुंडाळ. एवढा हॉल उरकू, मग दाखवू डॉक्टरला."

"जायला नको ना आत्ता?" त्याने विचारलं. त्याने मला विचारलं होतं.

"एवढ्याशा ठिपक्यासाठी?"

"बरं, तू म्हणतोस तर."

दुपारी जेवताना बोट सुजलेलं दिसलं. मी म्हणालो, रंगाचा एकच हात मारायचा राहिलाय. तीनला त्याला घोडा दाबवेना, तेव्हा त्याने डाव्या हाताने काम केलं. पाचला हॉल संपला आणि त्याचा पंजा मनगटापर्यंत फुगला होता.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी हात उलटसुलट करून पाहिला. त्यांचा चेहरा उतरला.

"किती वाजता झालं हे?"

"साडेनऊला," दादा म्हणाला.

"सकाळी? आणि आत्ता येताय? थांबायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

वहिनी नुकत्याच पोचल्या होत्या, दारातच उभ्या होत्या. मी तोंड उघडलं. दादाने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"कोण सांगणार? मीच थांबलो. किरकोळ वाटलं."

"किरकोळ!" वहिनी कडाडल्या. "वय झालं, अक्कल कधी येणार? घरी लेकीबाळी आहेत याचा तरी विचार करायचा!" त्या बोलत राहिल्या आणि रडत राहिल्या. दादा मान खाली घालून ऐकत होता. मीही मान खाली घातली. माझ्या बुटांवर शाळेचा रंग होता.

रंग बोटातून तळव्यात उतरला होता. त्यांनी हात चिरून धुतला, पण चौथ्या दिवशी तर्जनी काढावी लागली. लवकर आलो असतो तर बोट वाचलं असतं का, असं मी डॉक्टरीणबाईंना एकटं गाठून विचारलं. त्या म्हणाल्या, "खात्री नाही देता येत. पण संधी बरीच होती." सोमवारी शाळा वेळेवर उघडली.

पुढचे पाच महिने मी गप्प बसलो. दादा नव्या पेंटरना हात दाखवून सांगायचा, "माझ्यासारखा गाढवपणा करू नका, ठिपका दिसला की पळा." मी शेजारी उभा राहून मान डोलवायचो. रेघ मारायला आता आम्ही टेप लावतो. टेपची रेघ सरळ येते, तिला नाव ठेवायला जागा नाही, आणि ती पाहिली की मला घरी जावंसं वाटतं.

एका रविवारी त्यांच्याकडे गेलो होतो. वहिनी दादाच्या शर्टाची बटणं लावून देत होत्या. तो आत गेल्यावर त्या सहज म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही तरी त्या दिवशी त्यांना ओढत न्यायचं होतंत. ते जगात कुणाचं ऐकत नाहीत, पण तुमचं ऐकतात."

"ऐकलं त्याने माझं," मी म्हणालो.

"म्हणजे?"

मग मी सगळं सांगितलं. दुकानदार काय म्हणाला होता, मला ते कसं आठवलं होतं, दादाने 'जायला नको ना' असं विचारलं होतं आणि मी काय उत्तर दिलं होतं. सांगून झाल्यावर वहिनी उठल्या, माझ्यासमोरचा रिकामा कप उचलला आणि स्वयंपाकघरात गेल्या.

दादा आतल्या दारात उभा होता. त्याने ऐकलं होतं.

"कशाला सांगितलंस?" तो हळूच म्हणाला.

"मला सहन होत नव्हतं, दादा. माझ्या वाटणीच्या शिव्या तू खात होतास."

"मला सवय आहे रे. माझ्यावरचा तिचा राग संध्याकाळपर्यंत उतरतो." तो स्वयंपाकघराकडे बघत राहिला. "तुझ्यावरचा उतरायचा नाही. म्हणून मी माझ्या अंगावर घेतला होता."

आतून कप धुतल्याचा आवाज आला. मी बराच वेळ थांबलो, पण वहिनी बाहेर आल्या नाहीत.