पांढरं दिसलं की पंप

मित्रांनो, आधी त्या बुद्धभूषणचं सांगते, मग माझं. "पाचटाच्या खड्ड्यावरची ताडपत्री उचलू नको," असं आईनं बजावलेलं. पण हा आई एसटीत बसायची वाट बघतो आणि पाठीला फवारणीचा पंप अडकवतो. याला काय म्हणावं?

मी एक जुनी बुरशी आहे. नाक मुरडू नका. तुमच्या शिळ्या भाकरीवर बसते ती मी नव्हे. ती आमच्यातली उनाड. माझं काम पाचट खाण्याचं. उसाचं वाळलेलं पान इतकं चिवट, की गुरंही तोंड फिरवतात. माझ्या अंगातून रस सुटतात, प्रयोगशाळेतली माणसं त्यांना एन्झाइम म्हणतात. ते रस पानाची वीण उसवतात आणि त्याचं खत करतात.

पुण्याची एक प्रयोगशाळा हे माझं माहेर. तिथल्या मॅडमनी माझ्या आईला जांभळ्या दिव्याखाली धरलं. तिच्या पुष्कळ लेकी त्या उजेडानं मेल्या. जगल्या त्यांचा गुण पालटला; त्यांत जिचा रस सगळ्यांत जहाल, ती मी. मला वेचून वाढवली आणि भुकटीत मिसळून पुडीत भरली. माझी अक्षरओळख त्या पुडीवरच्या छापापुरतीच. पण पाचट कसं कुजवायचं ते मला कुणी शिकवू नये.

दोन हजार तीन साली निरगुडसरच्या जानकाबाईंनी, या बुद्धभूषणच्या आईनं, मला आणलं. कालव्याचं पाणी आलं तसा ऊस आला, आणि ऊस तुटला की सगळं शिवार पाचट पेटवायचं. जळून जळून जानकाबाईंच्या खालच्या वावरात माती दगड झालेली, कुदळ टणकन उडायची. त्यांनी खड्डा घेतला, पाचटाचे थर दिले, शेणकाला टाकला आणि मला गुळाच्या पाण्यात कालवून शिंपडलं. बांधावरून गेणभाऊ हसले, "वैनी, पाचटाला च्या पाजता व्हय?"

"पाजते. तुमाला न्हाई मिळायचा," जानकाबाई म्हणाल्या.

खड्डा बसला, काळं भुसभुशीत खत निघालं. तेच गेणभाऊ मूठभर खत पुन्हा पुन्हा हुंगू लागले. पुढं ती पुडी बाजारात यायची बंद झाली. पण जानकाबाई दर खेपेला तळातली एक पाटी राखून ठेवायच्या, घरात विरजण राखतात तशी, आणि नव्या खड्ड्याला तीच लावायच्या. अशी माझी वंशवेल चालू राहिली. यंदा सगळं खत त्या खालच्या वावराला जायचं होतं. तिथं पुन्हा काही उगवेल का, ते माझ्यावर होतं.

जानकाबाई एक पाटी विरजणाला घेऊन पिंपरी पेंढारला लेकीकडं, कल्याणीकडं गेल्या आणि इकडं बुद्धभूषणनं ताडपत्री उचलली. मी थरांवर पांढरीशुभ्र पसरले होते, ऐन कामात. हा टोमॅटोवाला गडी. यांच्या पट्ट्यात कुठं पांढरं दिसलं की हात पंपाकडंच जातो. बुरशी मारायचं मोरचूद-चुन्याचं निळं पाणी त्यानं थर उलथून उलथून मारलं. शेजारच्या टोमॅटोला माझी बाधा होईल म्हणे! अरे, मेलेलं पान खाणारी मी, तुझ्या जित्या झाडाला कशाला तोंड लावू?

लेकींना हाका मारल्या, एकीनंही ओ दिली नाही. कडेच्या ढेकळात मी चिमूटभर उरले आहे. उद्या असेन की नाही, माहीत नाही. मित्रांनो, प्रत्येक बुरशी म्हणजे रोग नसतो. मारण्याआधी निदान विचारा तरी, ही इथं काय करते म्हणून.

जानकाबाई परतल्या. निळं पडलेलं पाचट त्यांनी बोटांत चुरगळलं, हुंगलं. बुद्धभूषण म्हणाला, "आई, बुरशी लागली व्हती. येळेवर मारली म्हणून वाचलो."

मला तोंड नाही. जानकाबाईंना आहे.

"वाचलो? अरं, ती म्या लावली व्हती! वावराच्या तोंडचा घास मारलास तू. आता नवा खड्डा तूच घ्यायचा. आन् उद्या एसटीनं जायचं, गाडी न्यायची न्हाई. कल्याणीच्या दारात हुबा ऱ्हा आन् समद्यांदेखत म्हण, 'आईची बुरशी म्या मारली, मूठभर द्या.' पाटी मांडीवर घिऊन ये. ती रुजंस्तोवर त्या पंपाला हात लावलास, तर हात मोडून खड्ड्यात घालीन. तो बी कुजंल!"