दाराआडचं वजन

वच्छलाकाकूंच्या मधल्या दाराच्या फटीतून बाहेर आलेला दोरा मी पहिल्यांदा बोटांत धरला तेव्हा तो ओला होता, आणि घरी येऊन तीनदा साबणाने हात धुतले तरी बोटांना आंबलेल्या खळीचा वास येतच राहिला. खळ म्हणजे विणण्याआधी सुताला द्यायची पेज. गिरणीत ती मैदा आणि चरबी घालून मोठ्या हौदात शिजवतात. काकूंचे यजमान आप्पा वीस वर्षं त्याच खात्यात होते, त्यामुळे तो वास त्यांच्या आधी घरात येई आणि ते गेल्यावरही मागे राही. आमची आणि त्यांची भिंत एकच होती. माझे वडील त्याच गिरणीत हजेरी लिहीत, आणि चाळीतल्या सगळ्यांना वाटे की कारकुनाची मुलगी फार शहाणी आहे. मी शहाणी नव्हते, फक्त कमी बोलत असे.

आप्पा दिवाळीनंतर आटू लागले. ताप नाही, खोकला नाही, नुसते आत आत जात होते. काकूंनी त्यांचा सदरा दोनदा मुडपून लहान केला. तिसऱ्या वेळी त्यांनी आईकडून माझा जुना परकर मागून नेला आणि त्यात पुरा सदरा होऊन वर कापड उरलं. माझा परकर त्या अंगाला चिकटलेला आहे हे आठवलं की मला जेवण जात नसे. माणूस असा लहान होत असताना खाट मात्र खाली खाली चालली होती. तिची नवार दर आठवड्याला नव्याने ताणून बांधावी लागे. संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेआधी चाळीतल्या चौघा विणकरांनी आप्पांसकट खाट उन्हात काढायला उचलली, तर ती तसूभरही हलली नाही. चौघे हसले, त्यांनी पुन्हा जोर लावला, मग हसायचे थांबले आणि हात धोतराला पुसत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी काकूंना सांगितलं की आता मला कुणी बघायचं नाही.

आमच्या चाळीत डोळ्यांपेक्षा बोटांवर विश्वास. माग चालू असताना कुठला धागा तुटला, कुठला सैल पडला, हे नुसतं बोट फिरवून सांगणारी माणसं इथे घराघरांत आहेत. म्हणून आप्पांनी मनगटाला सूत बांधून घेतलं, दुसरं टोक फटीतून बाहेर काढून खिळ्यावरच्या रिळाला लावायला सांगितलं, आणि नाडी बाहेरूनच बघत जा म्हणाले. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. बायका येता-जाता दोरा दोन बोटांत धरत, क्षणभर डोळे मिटत, आणि "चालू हाय की" म्हणून आपल्या कामाला जात. काकू सकाळ-संध्याकाळ दार चार बोटं उघडून पेजेचा वाडगा आत सरकवत आणि आधीचा ओढून घेत. तो चाटल्यासारखा स्वच्छ असे. फटीशी माश्या जमत, पण त्या उडत नसत. जमिनीला पोट टेकून सरपटत आत जात. बाहेर येणारी एकही माशी मी पाहिली नाही.

रीळही रोज थोडं फिरलेलं असे. पहिल्या आठवड्यात वीतभर दोरा आत गेला, मग हातभर, मग दिवसाला दोन हात.

"ते ओढत्यात," काकू म्हणाल्या. "पडल्या पडल्या चाळा लागतो मानसाला."

तीन महिन्यांत त्यांनी कुंकवाची टिकली मोठी करत करत रुपयाएवढी केली होती. का ते मला माहीत होतं. आप्पांचे थोरले भाऊ हिंदुराव माळशिरसला असत, आणि त्यांच्या घरी काकूंची एक विधवा जाऊ होती. ती सोळा वर्षं गोठ्यालगतच्या खोलीत राहत होती, दिवसभर शेणी थापायची आणि कुणी समोर आलं की भिंतीकडे तोंड करायची. काकू एकदा लग्नाला म्हणून तिथे गेल्या होत्या. तिच्या नखांतलं शेण आता निघतच नाही, असं त्यांनी आईला सांगितलं होतं, आणि सांगताना स्वतःची बोटं पदरात लपवली होती. चाळीतली ही खोली, नळावरच्या गप्पा, शनिवारी बाजारात जाणं, हे सगळं आप्पा आहेत तोवर होतं.

त्याच सुमारास शाळेत आमच्या विज्ञानाच्या रुद्राणीबाईंनी पुस्तक मिटून ठेवलं आणि ताऱ्यांविषयी सांगितलं. ताऱ्याला त्याची आग आतून तोलून धरते. आग संपली की तारा बाहेर कुठे पडत नाही, स्वतःतच कोसळतो. कापूस दाबायच्या प्रेसमध्ये खोलीभर कापसाचा एक गठ्ठा होतो तसा तो दाबला जातो, पण दाबणारं यंत्र बाहेर नसतं, त्याचंच वजन त्याला दाबत असतं. शेवटी आगपेटीएवढा तुकडा चौघांना उचलत नाही इतका जड होतो.

"आणि मग थांबतो का, बाई?" मी विचारलं. त्या वर्षात मी वर्गात विचारलेला तो एकच प्रश्न.

"काही थांबतात. फार मोठे असतील ते थांबतात की नाही, यावर विद्वानांची भांडणं चालू आहेत." मग त्या जरा उत्साहात आल्या आणि अणूच्या आतल्या कणांविषयी बोलू लागल्या. असा कण आपण बघेपर्यंत इथे की तिथे, हे ठरलेलं नसतं. जणू तो दोन्हीकडे असतो. बघितलं की त्या सगळ्या शक्यता कोसळतात आणि एकच उरते.

"म्हणजे बाई, निकाल बघितलाच नाही तर मी पासबी आणि नापासबी?" गुलबानो म्हणाली. सगळा वर्ग हसला.

बाई हसल्या नाहीत. "तुझा निकाल कागदावर आधीच लिहिलेला असतो, गुलबानो. इथे बघेपर्यंत काही लिहिलेलंच नसतं."

त्या संध्याकाळी मी आमच्या खिडकीच्या गजाला सूत बांधलं, ते ताणलं आणि दुसरं टोक दोन बोटांत धरून डोळे मिटले. गजाची नाडी लागली. सावकाश, ठसठशीत, अगदी आप्पांच्यासारखी. मी बोटं सैल केली तेव्हा ती मंद झाली, घट्ट केली तेव्हा जोरात उडू लागली. ती माझ्याच बोटांतली होती. सात आठवडे चाळीतली प्रत्येक बाई त्या ओल्या दोऱ्यावर स्वतःचीच नाडी बघत होती आणि समाधानाने घरी जात होती. मी हे कुणालाही सांगितलं नाही. मला त्या बायकांची किळस आली, आणि नंतर गप्प बसल्याबद्दल स्वतःचीही.

फाल्गुनातल्या एका रविवारी भर दुपारी हिंदुराव आले. उसाची मोळी दाराशी टाकून ते बाहेरच्या खोलीत बसले, आणि त्या आंबलेल्या वासात त्यांनी चार भाकऱ्या पिठल्यात कुस्करून खाल्ल्या. बोटं चाटून झाल्यावर त्यांनी फेट्याचा शेमला नाकाला लावला.

"वच्छला, लई झालं. गावात मला इचारत्यात. भाऊ हाय का न्हाय?"

"हाय की. दोरा धरून बघा."

"दोरा तुज्याजवळ ठेव. मला मानूस पायजे."

"मग जावा आत. दार उघडंच हाय."

हिंदुराव दाराकडे बघत राहिले, पण उठले नाहीत. "कसला रोग हाय कुनाला ठावं," ते म्हणाले. "माजी लेकरंबाळं हायेत. तू जाशील, बाहेर येशील, आन् हाय म्हनशील. तुजा काय भरवसा?" मग त्यांची नजर उंबऱ्यात आईच्या मागे उभ्या असलेल्या माझ्यावर आली. "ही कारकुनाची न्हवं? शिकलेली पोरगी खोटं बोलायची न्हाय. हिला बघू दे. न्हाय म्हनली तर आज सांजच्या गाडीनं चल माज्यासंगं."

आई म्हणाली, "अहो, लहान आहे ती."

"उगं बघून यायचं. खातो काय हाय तिला!"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, आणि घामाने ओली झालेली त्यांची टिकली एका बाजूने ओघळून भुवईत उतरत असलेली मला दिसली. बाईंचं बोलणं मला त्याच वेळी आठवलं. त्या खोलीत अजून काहीही लिहिलेलं नव्हतं. मी बघितलं की लिहिलं जाणार होतं.

मी दार ढकललं. ते आत इतक्या झटकन गेलं की हात निसटला. फरशी आतल्या बाजूला उतरती झाली होती आणि माझी पावलं आपोआप पुढे घसरली, म्हणून मी चौकट धरली. चौकट बुळबुळीत होती. गरम, आंबट वास नाकात भरला, पण हवा बाहेर येत नव्हती; ती मागून माझ्या मानेवरून आत जात होती आणि जाताना माझे केसही पुढे नेत होती. श्वासाचा आवाज नव्हता. कुठेतरी खाली, खाट जिथे असायला हवी त्याच्याही खाली, पेज भुरकल्यासारखा एक बारीक ओला आवाज होत होता. दहा मोजेपर्यंत मी तशीच उभी राहिले, मग मागे सरून दार ओढून घेतलं. ते ओढायला दोन्ही हात आणि भिंतीला लावलेला एक पाय लागला.

"आहेत," मी म्हणाले.

हिंदुरावांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. माझा चेहरा पांढरा पडला असावा, कारण त्यांनी पुढे काही विचारलं नाही. जिवंत माणूस बघून आलेल्या मुलीचा चेहरा असा का, हेही त्यांनी विचारलं नाही. चूळ भरली, ऊस परत घेऊन जावा की नाही याचा थोडा विचार केला, तो तिथेच ठेवला आणि ते सांजच्या गाडीने एकटेच गेले.

आई पाणी आणायला घरात गेली तेव्हा काकूंनी मला जवळ ओढलं. त्या रडत होत्या आणि हसत होत्या, त्यांच्या गालावरचं ओलं कुंकू माझ्या गालाला लागलं.

"पोरी," त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "कसं दिसत्यात गं? मी जत्रंपासनं बघितलंच न्हाय. तोंड फिरवूनच वाडगा ठेवती. धीरच होत न्हाय. सांग की, कसं दिसत्यात?"

"बरे दिसतात," मी म्हणाले.

"वळखलं का तुला?"

मी होय म्हणून मान हलवली. दुसरं काय सांगणार होते? दार उघडायच्या आधीच मी डोळे घट्ट मिटून घेतले होते आणि दार बंद होईपर्यंत ते उघडले नव्हते; मी त्यांना बघितलं नव्हतं, आणि आतलं काहीही माझ्यामुळे ठरलं नव्हतं. पण तेवढ्या वेळात आत जे होतं त्याने मला, पायाच्या नखापासून केसांपर्यंत, अगदी सावकाश, बघून घेतलं होतं.