सातव्या ठरावाला ‘नको’

त्या संध्याकाळी नोरीन टॅकेटने मुलाला न्हाऊमाखू घातलं, इस्त्रीचा शर्ट चढवला आणि चाकाच्या खुर्चीसकट त्याला पक्षाच्या जिल्हा समितीच्या बैठकीला नेलं. लाकडाच्या गिरणीत ओंडका अंगावर पडून तिचा हा तरणा मुलगा, ड्वेन, मानेखाली लुळा झाला होता. त्याच्या सेवेसाठी नोरीनने तेव्हाच नोकरी सोडली होती.

यंदा अमेरिकेतल्या ओरेगन राज्याच्या मतदारांपुढे येणाऱ्या ठरावांपैकी सातवा जणू तिच्यासाठीच होता. घरच्या आजाऱ्याची सेवा करणाऱ्या नातेवाइकाला सरकारने पगार द्यावा, असा. मतपत्रिका टपालाने घरोघर जायच्या आधी समिती प्रत्येक ठरावावर पक्षाचं मत ठरवी आणि त्याची पत्रकं वाटी. इकडचे लोक पत्रक बघूनच खुणा करत. नोरीनच्या भागात ती पत्रकं वर्षानुवर्षं नोरीनच वाटत आली होती.

“ड्वेनलाही आण, लोकांनी डोळ्यांनी पाहिलेलं बरं,” असं अध्यक्ष लाइल ब्रँडवॉल्डने आपणहून फोनवर सांगितलं होतं. त्यामुळे ती हरखून गेली होती.

ती अडखळत बोलली. रात्री त्याला कूस बदलून द्यायला उठावं लागतं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय काय करावं लागतं, सगळं सांगितलं. ड्वेन खाली मान घालून ऐकत होता. मग लाइल उठला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला.

“हिच्याकडे बघा,” तो म्हणाला. “हिने कधी कुणाकडे पगार मागितला? आईच्या मायेला सरकारने दर लावायचा? नोरीनचा मान राखायचा असेल, तर सातव्याला ‘नको’ म्हणा.”

माणसं उभी राहून टाळ्या वाजवू लागली. टाळ्या आपल्यासाठी आहेत असं वाटून नोरीन आभार मानत राहिली. मग विरोधाचे हात वर झाले, तेव्हा तिला उमगलं. गावाबाहेरचं रुग्णनिवास लाइलच्या मेहुण्याचं होतं. घरच्या सेवेला पगार मिळाला तर तिथल्या खाटा रिकाम्या पडतील, हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी हात वर गेले. निघताना कुणीतरी मायलेकांचा फोटो काढला आणि सवयीने ती हसली.

पत्रकं आली तेव्हा त्यावर तोच फोटो होता. खाली छापलं होतं: ‘माया विकाऊ नसते. सातव्याला नको.’

तिने हातातलं काम करता करता स्पीकरवर लाइलला फोन लावला. तो जराही चिडला नाही. फोटोला तूच उभी राहिलीस, म्हणाला. मग हळूच म्हणाला, “तुझंही वय होतंय, नोरीन. उद्या तू अंथरुणाला खिळलीस तर ड्वेनला खाट लागेल. ती मेहुण्याकडेच आहे, आणि भांडखोरांसाठी तो जागा राखत नाही.”

नोरीनने पत्रकं वाटली. एकही दार सोडलं नाही.

ठराव राज्यात थोडक्यात पडला. तिच्या भागात मात्र साफ आपटला. शेजारची ओपल रीस पीचचा केक घेऊन आली आणि मायेने म्हणाली, “आम्ही दोघांनीही ‘नको’ला खूण केली बरं. तुझा शब्द कसा मोडायचा?”

नोरीनने तिचे आभार मानले. ती गेल्यावर एक तुकडा कुस्करून चमचा ड्वेनच्या ओठांशी नेला. त्याने तोंड उघडलं नाही.

“लाइलशी बोललीस ते ऐकलं मी,” तो म्हणाला. “मला त्या रुग्णनिवासात कधी टाकणार आहेस, तेवढं सांग.”