जाणारीच्या हातचं जेवण

त्या सोमवारी आई न्हावऱ्यामार्गे एसटीने दौंडहून शिरूरला आली. मी कारेगावहून स्कूटीवर तिला घ्यायला डेपोत गेले. उपास तिचा होता, पण राजगिऱ्याची वडी तिने माझ्याच हातावर ठेवली.

बँकेच्या लिलावातलं एक घर बघायचं होतं. आम्ही दोघींनी आयुष्यात कधी घर विकत घेतलं नव्हतं. वडील रेल्वेत पॉइंट्समन होते. ते होते तोवर क्वार्टर, ते गेल्यावर आईला दौंडात भाड्याच्या दोन खोल्या, नोकरीपायी मला कारेगावात एक. आईचं म्हणणं एवढंच होतं, की आता एका छपराखाली राहू.

बँकेचा माणूस घरासमोर उभा होता. ताबा अजून कागदावरच आहे, आत माणसं राहतात, तेव्हा बाहेरूनच बघा, असं त्याने सांगितलं. दारावर जप्तीची नोटीस चिकटवलेली होती. आईने चष्मा लावून ती पूर्ण वाचली आणि कडी वाजवली.

मी तिचा हात धरला. लिलावाच्या घरात असं कुणी जात नाही, म्हणाले. बँकेचा माणूसही तेच म्हणाला.

"त्या बाईच्या घरात राहायला यायचं आणि तिला विचारायचंही नाही?" आई म्हणाली.

दार घरातल्या बाईंनी, मदिनाचाचींनी उघडलं. आई आत गेली. मी स्कूटीपाशी थांबले. बराच वेळ गेला. मध्येच खिडकीतून दोघींचं हसणं ऐकू आलं, आणि बँकेच्या माणसाने माझ्याकडे बघितलं, जणू हे माझंच काम होतं.

डेपोत परत आल्यावर आईने सगळं सांगितलं. चाचींच्या यजमानांचं, अयुबभाईंचं लेथचं वर्कशॉप होतं. कंपनीची कामं यायची बंद झाली, हप्ते थकले, घर गेलं. चाचींनी जेवायचा आग्रह केला, पण सोमवार म्हणून आईने नुसता चहा घेतला. मग तिने त्यांना क्वार्टरमधला आमचा रिवाज सांगितला. बदली झाली की जाणाऱ्या बाईने येणाऱ्या बाईला एक वेळ जेवू घालायचं आणि किल्ली तिच्याच हातात द्यायची. मग जाणारीचा जीव मागे अडकत नाही आणि येणारीला घर परकं वाटत नाही. आई अशी तीन गावांत जेवली होती आणि तीन गावांत तिने जेवू घातलं होतं.

"घर जाणारच आहे तर तुमच्याकडे जाऊ दे, म्हणाली ती," आईने सांगितलं. "आता लाव तू बोली. मोरीतला नळ गळतोय, पण स्वयंपाकघरात ऊन चांगलं येतं."

बस लागली. तिला खिडकीची जागा मिळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दौंडच्या घरमालकिणीने तिचं दार वाजवलं. ते आईने उघडलं नाही.

पुढचं सगळं हौसरावमामांनी केलं. आईचे धाकटे भाऊ; ते यवतहून लगेच आले. नातेवाइकांना, माझ्या ऑफिसला, सगळ्यांना त्यांनीच कळवलं. लोक येत, मामा सांगत, मी पाणी देई. मला ते शब्द एकदाही उच्चारावे लागले नाहीत.

लिलावाची तारीख सुतकातच आली. अनामत आधीच भरलेली होती, अर्ज माझ्या नावाचा होता. मामा म्हणाले, सुतकात कुणी वास्तू घेत नाही. दुसरं म्हणजे लिलावाचं घर हा दुसऱ्याच्या ताटातला घास. त्या दिवशी मात्र ते परीटघडीची टोपी घालून माझ्याशेजारी येऊन बसले. कुणीतरी समोर उभं राहून पुकारा करेल, अशी त्यांची समजूत होती. मी आईच्या दिवाणावर लॅपटॉप उघडला.

"एवढाच व्हय लिलाव?" ते म्हणाले. "आमच्या यार्डात कांद्याला याच्यापेक्षा जास्त गलका असतो. समोरचा कोण हाय, ते तरी दिसतंय का?"

दिसत नव्हतं. कुणीतरी आकडा वाढवत होतं, मी त्याच्यावर वाढवत होते. दर वेळी लिलाव संपायची वेळ थोडी पुढे सरकायची. मला घर हवंय की नकोय, हे मनात येत नव्हतं. आईने लाव म्हटलं होतं, मी लावत होते. मग समोरून आकडा येईना.

"जेवाय गेला वाटतं," मामा म्हणाले. पुन्हा आकडा आला नाही. तेव्हा त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

आईच्या ठेवी आणि माझं कर्ज मिळून पैसे भरले. कागद हातात आल्यावर एक दिवस अयुबभाईंचा फोन आला. आईने त्यांना माझा नंबर दिला होता. मी कंपनीच्या गेटपाशी होते. बँकेने पोलीस आणायची काही गरज नाही, आम्ही आपण होऊन घर सोडतो, असं ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, आई बऱ्या आहेत ना? मी हो म्हणाले. ते सहज तोंडातून गेलं आणि मी ते दुरुस्त केलं नाही. एका तरी घरात आई बरी होती.

ताब्याच्या दिवशी मी पोचले तेव्हा टेम्पो भरून उभा होता. बँकेचा माणूस पंचनाम्याचे कागद घेऊन ओट्यावर बसला होता. घर रिकामं होतं. फक्त स्वयंपाकघरात जमिनीवर दोन ताटं मांडलेली होती. शेवग्याची आमटी, भाकरी, शेंगदाण्याची चटणी. चाची माझ्या मागे फाटकाकडे बघत होत्या.

"एकलीच आलीस? आई कुठंय?"

किल्ली बँकेच्या साहेबांकडे दिली तरी चालेल, असं मी म्हणाले.

"त्याच्याकडं कशापायी? त्याला कुठं हितं ऱ्हायचंय?"

बँकेचा माणूस हसला. अयुबभाईंनी टेम्पोवाल्याला इंजिन बंद करायला सांगितलं. न्हावऱ्याची गाडी उशिराच येते, ते म्हणाले, थांबू थोडं.

"येऊ दे सावकाश," चाची म्हणाल्या. "तिचा सोमवार नको म्हणून मी मुद्दाम आजचा दिस धरलाय, बेटी. आन् आम्ही बी दौंडलाच चाललोय, माझ्या जावंकडं. तुझ्या आईनं घराची खूण सांगून ठेवलीय मला. उद्याच जाऊन कडी वाजवते बघ तिची."

किल्ली त्यांच्या पदराच्या गाठीत होती. मोरीत नळ गळत होता. ऊन ताटांपर्यंत आलं होतं, आईने सांगितलं होतं तसं. चाचींनी आमटी गार होईल म्हणून दुसऱ्या ताटातल्या वाटीवर बशी झाकली.

मी पहिल्या ताटावर बसले.

"चाची," मी म्हणाले, "त्या ताटावर तुम्ही बसा. दौंडला कडी वाजवू नका. इथून गेली त्याच रात्री गेली ती. माझी आई वारली."